निळं, पांढरं, निळं

गल्लीत तिला सगळे 'हलूनका मावशी' म्हणत आणि तिला त्याचा जराही राग नव्हता. एकतीस वर्षं एकाच स्टुलासमोर उभं राहून तेच ते वाक्य म्हणणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? हनुवटी वर, खांदे सैल, समोर बघा, हलू नका. खटक. पासपोर्टचे फोटो, परवान्याचे, परीक्षेच्या प्रवेशपत्राचे, कारखान्याच्या ओळखपत्राचे. तिने काढलेला फोटो आजवर एकाही सरकारी खिडकीवरून परत आलेला नव्हता. ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना सांगे, कारण आपलं कौतुक दुसरं कुणीतरी करेल म्हणून वाट बघत बसणाऱ्यांतली ती नव्हती. रडून लालबुंद झालेलं तान्हं असो की दाढ सुजलेला हवालदार, चेहरा सरळ आणि दोन्ही कान दिसणारा येणार म्हणजे येणार.

त्यामुळे उडत्या पक्ष्याचा फोटो काढायचा विषय निघाला, तेव्हाही ती एका दमात म्हणाली, "त्यात काय एवढं? त्यालाही दोन डोळे आहेतच ना?"

विषय निघाला तो दादामुळे. दादा म्हणजे तिचा आठ वर्षांनी मोठा भाऊ. गावाबाहेरच्या सरोवरावर दरवर्षी थंडी सरताना क्रौंच उतरायचे, उत्तरेकडे जाता जाता दोन-तीन आठवडे मुक्काम करायचे आणि एक दिवस उठून निघून जायचे. त्या सरोवरावरच्या पक्षी केंद्रात दादाने उभा जन्म काढला. पक्षी अलगद पकडायचा, त्याच्या पायात तीन रंगीत कडी घालायची आणि सोडून द्यायचा, हे त्याचं काम. पुढे जगाच्या पाठीवर कुणालाही तो पक्षी दिसला तरी कड्यांच्या रंगांवरून हा कोण, कुठला, किती वर्षांचा, ते कळायचं.

पण रंग मोजकेच आणि कडी तीन. जोड्या लावून लावून किती लावणार? म्हणून केंद्राचा एक नियम होता. लागोपाठ दोन वर्षं पक्ष्याचा फोटो मिळाला नाही, तर तो मृत समजावा आणि त्याचे रंग नव्या पिल्लाला द्यावेत. हा नियम दादानेच केला होता, केंद्राचा प्रमुख असताना. तेव्हा कुणी धापा टाकत येऊन "साहेब, मी बघितला हो, डोळ्यांनी बघितला" असं सांगू लागलं, की दादा शांतपणे विचारी, "फोटो?" नसला, की नोंद नाही. त्यात त्याने कुणाचा मुलाहिजा ठेवला नव्हता.

आता दादा निवृत्त झाला होता आणि त्याच्या डोळ्यांनी दगा दिला होता. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक राखाडी डाग बसला होता. ज्याच्याकडे सरळ बघावं ते गायब, आणि बाजूला जे असेल ते धूसर का होईना पण दिसायचं. म्हणजे चहाचा कप शोधायचा तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. वहिनी म्हणायची, "मी बोलत असते आणि हे खिडकीकडे बघत असतात. आधीही बघायचे म्हणा, आता निदान कारण तरी आहे."

आणि अशा वेळी केंद्राकडून पत्र आलं.

दादाने सगळ्यात पहिल्या वर्षी चाळीस क्रौंचांना कडी घातली होती. त्यातला एकच उरला होता. एकच उरली होती म्हणायला हवं, कारण ती मादी. निळं-पांढरं-निळं. घरात सगळे तिला 'म्हातारी' म्हणत. कडी घातली तेव्हा ती तपकिरी डोक्याचं पिल्लू होती, त्याला एकवीस वर्षं झाली. दादा गेल्या वर्षीही आणि यंदाही सांगत होता की म्हातारी आली आहे. पत्रात अगदी अदबीने लिहिलं होतं, की आपल्या दृष्टीची अवस्था पाहता आपली तोंडी नोंद ग्राह्य धरता येत नाही. यंदाचा मुक्काम संपेपर्यंत फोटो न मिळाल्यास निळं-पांढरं-निळं मोकळं करण्यात येईल.

वहिनीने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. दादा घड्याळाकडे बघून कप उचलत म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगणार?"

"अरे, पण तुला दिसलंच नाही तर ती आली हे कशावरून?" हलूनका मावशीने विचारलं.

"दिसायला कशाला हवं? आवाज आहे ना तिचा. इतरांची हाक अखंड असते. तिची शेवटाला तुटते, दोन तुकडे होतात. डोळे चांगले होते तेव्हा अठरा-एकोणीस वर्षं मी हाक ऐकायचो आणि मग दुर्बीण लावून कडी बघायचो. एकदाही चुकलो नाही."

 मग तो पत्राची घडी अंगठ्याने दाबत राहिला, एकदा, दोनदा, तीनदा. भावाचा तो अंगठा तिला बघवेना. म्हातारी जिवंत असताना तिला मेलेली ठरवणार, आणि दादाचा शब्द तिच्याबरोबर पुरणार! ती उठली आणि म्हणाली, "मी काढते फोटो. तू कानांनी सांग, मी टिपते."

"चिमणे, ते स्टुलावर बसत नाहीत," दादा म्हणाला.

"बसवीन."

आता बसवणं शक्य नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण बोलून बसल्यावर माघार घेईल तर ती हलूनका मावशी कसली? सामन्यांचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या एका माणसाकडून तिने हातभर लांब लेन्स उसनी आणली आणि स्टुडिओच्या पायरीवर बसून सायकलवाल्यांवर सराव सुरू केला. सायकल ज्या वेगाने जाईल त्याच वेगाने कंबरेतून वळायचं, वळता वळता बटण दाबायचं आणि दाबल्यावरही वळत राहायचं, ही त्यातली मेख. थांबलं की चित्र फिसकटलं. पहिल्या दिवशी नुसती धुळीची रेघ आली. तिसऱ्या दिवशी पोस्टमनच्या भुवईतला पांढरा केस मोजता येत होता. पोस्टमन म्हणाला, "मावशी, आज हलू नका नाही म्हणालात?" ती म्हणाली, "आता मीच हलायला शिकतेय."

पाचव्या दिवशी पहाटे दोघं सरोवराच्या बांधावर गेली. पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यात हजारभर क्रौंच उभ्या उभ्या झोपेतून जागे होत होते. आवाज एवढा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. दादा घडीच्या खुर्चीवर बसला, मान खाली घालून, एखाद्या कंटाळवाण्या भाषणाला बसल्यासारखा. थवे उठायला लागले. एक गेला, दुसरा गेला. चौथ्या थव्याला दादाने तिचं मनगट पकडलं.

"ही बघ. डावीकडून. पुढून दुसरी. ऐकलंस? तुटली हाक!"

तिला काही वेगळं ऐकू आलं नाही. पण पुढून दुसरी तिला दिसली, आणि ती कंबरेतून वळली. बांधावरून अगदी जवळून, डोक्यावरून गेली म्हातारी. मान पुढे ताणलेली, पाय मागे ताणलेले, पंख संथ. खटखटखटखट. ती गेल्यावरही मावशी वळतच राहिली आणि दादाच्या खुर्चीवर आपटली. "आली!" ती ओरडली. "दादा, अशी आलीय म्हणून सांगू!"

स्टुडिओत येऊन तिने फोटो मोठ्या पडद्यावर लावले. वहिनीही आली होती. फोटो खरोखरच देखणे होते. डोक्यावरचा लाल ठिपका, चोचीवरची ओल, आणि डोळा तर असा, की त्यात उगवता सूर्य दिसत होता. ती एकेक फोटो दादाला वर्णन करून सांगत होती, आणि सांगताना तिचा स्वर चढत होता.

"छान," दादा म्हणाला. "आणि पाय?"

तिने पडद्यावर पाय शोधले. पुढचा फोटो. त्याच्या पुढचा. सगळ्या फोटोंत म्हातारी चोचीपासून पोटापर्यंत होती, आणि पोटानंतर फ्रेम संपत होती. एकाही फोटोत पाय नव्हते. एवढी लांबलचक क्रौंच इतक्या जवळून गेली की त्या लेन्समध्ये अख्खी मावणारच नव्हती. लांबचे थवे पुरते मावायचे, पण त्यात कडं मोहरीएवढंही दिसायचं नाही. जवळच्या पक्ष्याचं एकच टोक धरता येणार होतं, आणि एकतीस वर्षं चेहरे काढणाऱ्या बाईच्या हाताने न विचारता चेहरा धरला होता.

वहिनीने पडद्याकडे बघितलं, नणंदेकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हातारीला पासपोर्ट मिळेल हो यावर. कान तेवढे दिसायला हवे होते."

दादा आधी हसला, मग वहिनी, आणि शेवटी तिलाही हसू आलं. पण हसता हसता ती पुन्हा तेच फोटो बघत होती. पक्षी समोरून गेला, दादाने मनगट धरून दाखवला, आणि आपण आपल्या हुशारीत त्याचं जे हवं होतं तेच कापून टाकलं. जित्याची खोड म्हणतात ती ही. लेन्सला दोष द्यावा असंही एकदा मनात आलं. पण नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण इतरांना आयुष्यभर ऐकवलंय, हे आठवून तिने तो विचार सोडला.

"उद्या पाय आणते," ती म्हणाली.

"उद्या ती असली तर," दादा म्हणाला.

उद्या धुकं उतरलं ते उठलंच नाही. परवाही तेच. क्रौंच पाण्यातच उभे राहिले आणि ती स्टुडिओच्या पायरीवर बसून सायकलींच्या मागच्या चाकांचे फोटो काढत राहिली. तिने कॅमेऱ्यातला फोकसचा ठिपका मधून उचलून कडेला नेला. सायकलवाल्याचा चेहरा फ्रेमच्या बाहेर जाऊ द्यायचा आणि मागचं चाक धरायचं. सांगायला सोपं, पण दरवेळी हात चेहऱ्याकडेच धावायचा, लग्नात ताटाकडे धावतो तसा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्याकडे ऐंशी बिनडोक्याचे सायकलवाले जमले. तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दादाने दार वाजवलं. गळ्यात मफलर, हातात काठी. "वारा फिरलाय," तो म्हणाला. "दक्षिणेकडून आहे. आज निघणार सगळे. चल."

वहिनीही थर्मास घेऊन निघाली. "मागच्या वेळी मी नव्हते म्हणून पाय राहिले," असं तिचं म्हणणं होतं.

ऊन वर आलं, धुकं विरलं आणि थवे उठू लागले. रोजच्यासारखे शेतांकडे न जाता ते आज घिरट्या घेत वर चढत होते. एकदा वर गेले की ते ठिपक्यांएवढेच, तिथे तिची लेन्स काय करणार? बांधावरून पार होतानाचा एक क्षण, तेवढाच काय तो तिचा. एक थवा गेला. दादाने मान हलवली. दहा गेले, वीस गेले. निम्मं सरोवर रिकामं झालं. वहिनीने चहा ओतून दिला आणि तो तसाच निवला.

"दादा, ती कालच गेली असेल का रे?"

"धुक्यात नाही जात कुणी."

"आणि ऐकायला चुकलास तर?"

तो तिच्याकडे वळून सरळ बघत म्हणाला, "चिमणे, तू तुझं काम बघ. कान माझे आहेत."

या उत्तराने तिला धीर आला. घरातली सगळीच माणसं अशी फाजील आत्मविश्वासाची, त्यात तिचा एकटीचा दोष नव्हता. तिने पाय फाकवून बांधावर रोवले आणि कंबर सैल सोडली.

पाण्यात शे-दीडशे क्रौंच उरले होते. तेही उठले. हाकांचा कल्लोळ जवळ आला आणि दादा खुर्चीवरून उठून उभा राहिला. तो पाण्याकडे बघत होता, म्हणजे आकाश बघत होता. "आहे," तो म्हणाला. "आहे, आहे. उजवीकडून येतेय. मागची रांग. शेवटून... थांब... शेवटून तिसरी!"

शेवटून तिसरी. तिला ती लेन्समध्ये सापडली. लाल ठिपका, पिवळट डोळा, तोच देखणा चेहरा, आणि तिचा हात पुन्हा एकदा जुन्या सवयीने तिकडेच धावला. तिने तो चेहरा सोडून दिला. डोकं फ्रेमबाहेर गेलं, मान गेली, छाती गेली. पोटामागे दोन काळे पाय काठ्यांसारखे ताणलेले होते, तिने ठिपका तिथे नेला आणि वळली. दाबलं. वळत राहिली, दाबत राहिली, थवा बांधाच्या पार जाऊन उन्हात मिसळेपर्यंत. 

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर तिने फोटो मोठा केला. पंखाचा अर्धा भाग, शेपटीची काळी झालर आणि दोन पाय. नखंसुद्धा मोजता येतील असे. डाव्या पायावर तीन कडी. एकवीस वर्षांच्या उन्हापाण्याने निळा रंग पार विटला होता, पण निळाच होता.

"निळं," ती म्हणाली.  "पांढरं. निळं."

दादा ओल्या बांधावरच खाली बसला. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही. वहिनीने त्याच्या मफलरचं टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "पुसा. आता तुमची म्हातारी कागदोपत्रीही जिवंत झाली."

मावशी त्याच्याशेजारी बसली. आनंद तर होताच, पण एक सल राहिला होता, आणि मनातलं पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. "एकच वाईट वाटतं रे दादा. चेहरा नाही आला तिचा. एवढा सुंदर चेहरा, हातात होता आणि सोडला."

"तुझा तरी कुठे येतो?" दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"दोन वर्षं झाली, तुझा चेहरा मी बघितलेला नाही. तुझ्याशी बोलताना मी सरळ तुझ्याकडे बघतो आणि मधोमध तर डाग आहे. हिच्याशी बोलताना खिडकीकडे बघतो म्हणून ही दिसते." वहिनी थर्मासचं झाकण लावता लावता थांबली. "तुझ्यापुढे मात्र लहानपणापासूनची सवय. खोक्याचा कॅमेरा करून मला बसवायचीस ना? समोर बघ, हलू नको. ती मोडत नाही. पण आवाज येतो तुझा. आता तोंड दिसत नाही म्हणून तुला मृत समजावं की काय?"

 दोन वर्षं ती रोज त्याच्या समोर बसत होती, गप्पा मारत होती, हसून दाखवत होती. ते सगळं त्या राखाडी डागात जात होतं आणि तो एकदाही बोलला नव्हता. ती त्याच्या खांद्याला टेकून बसून राहिली.

चार दिवसांनी केंद्राच्या प्रमुख बाईंचा फोन आला. दादाच्याच हाताखाली शिकलेल्या त्या. "सर, नोंद पक्की झाली. निळं-पांढरं-निळं तुमच्या म्हातारीकडेच राहील. फक्त विचारायचं होतं, फोटोत डोकं का नाही?"

"फोटोग्राफर बाई फार अनुभवी आहेत," दादा म्हणाला. "उगाच जास्तीचं काढत नाहीत."

फोनवर हसणं ऐकू आलं. मग बाई म्हणाल्या, "आणि सर, आवाजावरून पक्षी ओळखणारा निरीक्षक म्हणून तुमचं नाव यादीत घालायचं ठरलंय. पुढच्या वर्षीपासून तुमच्या कानांचा शब्द आम्ही फोटोइतकाच पक्का धरणार. अर्ज पाठवलाय, त्यावर तुमचा फोटो लागेल."

अर्जावर चौकोन होता आणि चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: अलीकडचा फोटो, चेहरा समोर. दादा स्टुडिओतल्या त्याच त्या स्टुलावर बसला. तिने दिवे लावले, त्याची कॉलर नीट केली, हनुवटी दोन बोटांनी वर उचलली. मागे येऊन कॅमेऱ्याला डोळा लावला आणि एकतीस वर्षांच्या सवयीने तोंड उघडलं.

"समो..."

मग ती थांबली. लेन्समध्ये दादा आज्ञाधारकपणे अगदी समोर बघत होता, आणि त्याच्या नजरेत ती नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ."

"अगं, समोर हवा ना फोटो? परत येईल."

"येऊ दे. घड्याळाकडे बघ म्हणते ना."

दादाने मान जराशी वळवली. नजर घड्याळावर गेली, तिथे थोडी रेंगाळली, आणि हळूहळू त्याचा सगळा चेहरा सैल झाला.

"अरे," तो म्हणाला, "केस केवढे पांढरे झाले तुझे!"

तिने बटण दाबलं. फोटो छापल्यावर अर्जावर तिने स्वतःच्या हाताने चिकटवला, मागे स्टुडिओचा शिक्का मारला आणि शिक्क्याशेजारी पेनाने लिहिलं: निरीक्षक असेच बघतात.